पत्र्याखालचे दोन इंच

आमचे घर सांगलीच्या गावभागात आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, म्हणजे ४५ फुटांच्या धोक्याच्या पातळीपेक्षा बारा फूट अधिक, तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीएवढे पाणी होते. सासूबाईंना, म्हणजे आमच्या माईंना, खुर्चीत बसवून गच्चीवर न्यावे लागले आणि ताडपत्रीखाली एक रात्र काढावी लागली. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा चढले. त्यानंतर घरात एकमताने ठरले की गच्चीवर एक खोली बांधायची, त्यात माईंची कॉट असेल, धान्याचे डबे असतील, आणि खाली पाणी भरले तरी वर गॅस पेटवता येईल एवढा एक छोटा ओटा असेल. जुन्या स्लॅबवर आणखी एक स्लॅब टाकण्याएवढी खालच्या भिंतींची ताकद नाही, असे इंजिनिअरने सांगितले, म्हणून चार इंची विटांच्या भिंती, चौकोनी पाइपांचा सांगाडा आणि वर निळा रंगीत पत्रा असे बांधकाम झाले. खोली बारा फूट रुंद आणि अठरा फूट लांब आहे.

पुराचा प्रश्न त्या खोलीने सोडवला, पण उन्हाळ्याचा उभा केला. माईंना गुडघ्यांमुळे जिना सारखा चढता-उतरता येत नाही. एकदा वर गेल्या की त्या दिवसभर वरच असतात. मार्च संपता संपता दुपारी बारानंतर त्या खोलीत उभे राहणेही कठीण होऊ लागले. पंखा लावला तर वरची गरम हवा खाली येई. माई तक्रार करणाऱ्या नव्हेत, परंतु एका दुपारी मी शाळेतून आले तेव्हा त्या ओले पंचे डोक्यावर आणि पावलांवर ठेवून भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या दिवशी मी वहीचे एक कोरे पान उघडले आणि वर लिहिले, ‘पत्र्याखाली काय घालावे’. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उष्णतेचे वहन, अभिसरण आणि प्रारण हा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत आले होते. तो आपल्याच घराच्या छताला लावून पाहण्याची वेळ प्रथमच आली.

चौकशीला सुरुवात केल्यावर दोन नावे सारखी कानावर पडू लागली, ग्लासवूल म्हणजे काचेच्या तंतूंची लोकर आणि रॉकवूल म्हणजे दगडाच्या तंतूंची. पीओपीचे काम करणारे ग्लासवूल सांगत. माझे धाकटे दीर साखर कारखान्यात फिटर आहेत, ते रॉकवूलशिवाय दुसरे नावच घेत नसत. कारखान्यात बॉयलरपासून टर्बाइनपर्यंत जाणाऱ्या वाफेच्या नळांवर जाळी शिवलेल्या रॉकवूलच्या गाद्या गुंडाळतात आणि वरून ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात. आत लाल होण्याच्या बेताला आलेला नळ असतो आणि बाहेरून त्याला हात लावता येतो. हे रोज पाहणाऱ्या माणसाला दुसरे काही पटणे अवघड असते. “वहिनी, घ्यायचंच तर रॉकवूल घ्या, ग्लासवूल म्हणजे नुसता कापूस,” असे ते ठामपणे म्हणत. तिसऱ्या एका दुकानदाराने दर लिहून दिला तो ‘मिनरल वूल’ असा, आणि तो दोन्हींपेक्षा वेगळा माल असावा असे मला वाटले. नंतर कळले की आयएस ८१८३ या भारतीय मानकात खडकापासून, भट्टीच्या मळीपासून किंवा काचेपासून, वितळवून तंतू केलेल्या सगळ्याच लोकरीला ‘मिनरल वूल’ म्हटले आहे. बोलताना मात्र बरेच जण त्या शब्दाने फक्त रॉकवूल समजतात. म्हणून दरपत्रकावर केवळ ‘मिनरल वूल’ लिहिले असेल तर माल कशाचा आहे, त्याची घनता किती आणि जाडी किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका व्यापाऱ्याने मला दोन्हींचे वीतभर लांबीचे नमुने दिले. ते घरी आणून मी ओट्यावर वर्तमानपत्रावर ठेवले. ग्लासवूल पिवळे, मऊ, बोटाने दाबले की दबणारे आणि सोडले की हळूहळू फुगणारे होते. रॉकवूल राखाडीकडे झुकणारे हिरवट, घट्ट, पावासारखे कापता येणारे. त्याचा तुकडा उचलून हलकेच झटकला तेव्हा कागदावर नाचणीच्या दाण्यांहून बारीक, काळपट, कडक कण पडले. भिंगाखाली ते गोल दिसले. वितळलेला दगड वेगाने फिरणाऱ्या चाकांवर पडून त्याचे तंतू उडतात, त्यात काही थेंब तंतू न होता तसेच गोठतात, ते हे कण. काचेचा रस बारीक छिद्रांच्या फिरत्या भांड्यातून बाहेर फेकला जातो, त्यामुळे ग्लासवूलमध्ये असे कण जवळजवळ नसतात. माझ्या दृष्टीने हा फरक मोठा होता, कारण ही वस्तू माईंच्या कॉटच्या बरोबर वर बसणार होती.

रॉकवूलचा दगड म्हणजे मुख्यतः बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून ज्याचा आपला सह्याद्री झाला तोच हा काळा पाषाण. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या त्याच्या आहेत आणि आमच्या घराचे जुने जोतेही त्याचेच आहे. उन्हात तापलेल्या त्या जोत्यावर संध्याकाळी पाय ठेवला तर चटका बसतो. मग हाच दगड वितळवून, साधारण दीड हजार अंश सेल्सिअसला त्याचा रस करून, तंतू काढल्यावर उष्णता अडवणारा कसा होतो, असे माईंनी मला विचारले, आणि तो प्रश्न वर्गातल्या कोणत्याही मुलाच्या प्रश्नाइतका नेमका होता. उष्णता अडवतो तो दगडही नव्हे आणि काचही नव्हे. अडवते ती तंतूंच्या जाळ्यात अडकून स्थिर झालेली हवा. स्थिर हवेची औष्णिक वाहकता सुमारे ०.०२६ वॅट प्रति मीटर केल्व्हिन आहे आणि चांगल्या ग्लासवूलची किंवा रॉकवूलची ०.०३३ ते ०.०४ च्या दरम्यान असते. भरीव काच आणि भरीव बेसाल्ट यांची वाहकता याच्या कितीतरी पट आहे. दोन्ही लोकरी करतात ते एकच काम, हवेला हलू न देण्याचे, आणि म्हणूनच त्यांचे आकडे एकमेकांना इतके चिकटून असतात.

त्या आकड्यांवरून मी एका रविवारी गणित मांडले. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर २० चौरस मीटर. पत्रा खालून ६० अंश आणि खोली ३५ अंश धरली, म्हणजे फरक २५ अंशांचा. उघड्या पत्र्यापासून खोलीकडे उष्णता येताना तिला अडथळा असतो तो फक्त पत्र्याखालच्या हवेच्या पातळ थराचा, आणि तो ०.१७ चौरस मीटर केल्व्हिन प्रति वॅट एवढाच धरतात. या हिशेबाने खोलीत सुमारे २९०० वॅट उष्णता उतरते. हजार वॅटच्या जवळजवळ तीन इस्त्र्या छताला उलट्या टांगून चालू ठेवल्या तर जेवढी होईल तेवढी. आता पत्र्याखाली दोन इंच, म्हणजे ५० मिलिमीटर, ग्लासवूल धरले आणि त्याची वाहकता ०.०३६ घेतली तर हा आकडा ३२० वॅटवर येतो. तेवढ्याच जाडीचे ०.०३७ चे रॉकवूल धरले तर ३३० वॅट. दोन्हींतला फरक एका एलईडी दिव्याएवढा भरला. गेले तीन आठवडे मी ज्या तुलनेत गुंतले होते, तिचे उष्णतेपुरते उत्तर एवढेच निघाले.

मग जाडी दुप्पट केली तर काय होते, तेही पाहिले. चार इंचांना १७० वॅट, म्हणजे आणखी १५० वॅटची बचत. आणि त्याच पानाच्या तळाशी, केवळ कुतूहल म्हणून, मी लिहिले की दोन इंचांचे काम करताना कडेकोपऱ्यात मिळून एक चौरस मीटर जागा उघडी राहिली तर काय होईल. उघड्या पत्र्याचा तो एक चौरस मीटर एकटा १४७ वॅट खाली सोडतो. म्हणजे वीस चौरस मीटरवर आणखी दोन इंचांचा अख्खा थर घालून जे मिळणार, ते जवळजवळ सगळे एक चौरस मीटर फट ठेवून घालवता येते. ते वाक्य मी दोनदा अधोरेखित केले. पुढे घडले ते पाहता चारदा करायला हवे होते.

उष्णतेत बरोबरी झाल्यावर बाकीच्या गोष्टींवर निर्णय ठरणार होता. पहिली गोष्ट वजनाची. वीस चौरस मीटर आणि ५० मिलिमीटर म्हणजे नेमका एक घनमीटर माल होतो, त्यामुळे हिशेब सोपा होता, कारण प्रति घनमीटर जेवढी घनता तेवढेच छताला लटकणारे किलो. २४ घनतेचे ग्लासवूल २४ किलो, ४८ घनतेचे रॉकवूल ४८ किलो, ६४ चे घेतले तर ६४ किलो. आमच्या सांगाड्याला हे वजन काहीच नाही, परंतु खालून जी जाळी ताणायची तिच्या दृष्टीने वजन दुप्पट झाले की झोल अधिक पडतो, आणि झोल पडला की पत्रा आणि लोकर यांच्यामध्ये हवा फिरू लागते. दुसरी गोष्ट आकाराची. ग्लासवूलचे रोल १.२ मीटर रुंद आणि लांबलचक मिळतात, एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवूनच येतात. रॉकवूल आम्हाला मिळत होते ते साधारण एक मीटर लांब आणि ६०० मिलिमीटर रुंद पाट्यांच्या स्वरूपात, म्हणजे छतावर तीसेक तुकडे आणि तितकेच सांधे. तिसरी गोष्ट भावाची. रॉकवूल मला ग्लासवूलच्या जवळजवळ पावणेदोन पट दराने सांगितले गेले.

आगीच्या बाबतीत मात्र दीर बोलत होते ते खरे होते. दोन्ही नमुने मी शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघडून, बर्नरच्या ज्योतीत धरले. ग्लासवूलला पेट घेता आला नाही, पण त्यातले चिकटद्रव्य जळून वास आला, पिवळा रंग आधी तपकिरी आणि मग पांढरा झाला, आणि जिथे ज्योत लागत होती तिथे तंतू आक्रसून काचेच्या मण्यासारखे झाले. काच साधारण सहाशे-सातशे अंशांना मऊ पडते. रॉकवूल तांबडे झाले, वास त्यालाही आला, पण ज्योत बाजूला केल्यावर तुकडा होता तसाच उभा होता. दगडाचे तंतू हजार अंशांपर्यंत टिकाव धरतात. सर्वांत आधी जळाला तो फॉइलच्या मागचा कागद, आणि हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण लोकर न जळणारी असली तरी तिच्यावर चिकटवलेला कागद आणि गोंद तसे नसतात.

माईंची एक शंका राहिली होती, आणि ती मी हसण्यावारी नेली नाही. “हे सिमेंटच्या पत्र्यासारखं छातीला बाधत नाही ना गं?” असे त्यांनी विचारले. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याच्या तंतूंमुळे कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. ग्लासवूल आणि रॉकवूल यांचे तंतू वेगळे आहेत, ते लांबीत चिरत जाऊन अधिकाधिक बारीक होत नाहीत आणि शरीरात त्या मानाने लवकर विरघळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये या लोकरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले होते. २००१ च्या फेरविचारात इन्सुलेशनसाठीचे ग्लासवूल, रॉकवूल आणि स्लॅगवूल, म्हणजे भट्टीच्या मळीची लोकर, ही तिन्ही त्या गटातून काढून ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात टाकली. ॲस्बेस्टॉस पहिल्या गटात आहे. त्वचेला, डोळ्यांना आणि घशाला होणारा त्रास मात्र दोन्हींनी होतो, आणि तो मी स्वतः अनुभवला.

शेवटी मी दोन्ही घेतले. छताला ग्लासवूल, दोन इंची, २४ घनतेचे, फॉइलसह. आणि ओटा आणि माईंची कॉट यांच्यामध्ये जी आडभिंत करायची होती तिच्यात रॉकवूल. दीरांना हे आधी रुचले नाही, पण गणिताचे पान त्यांच्यापुढे ठेवल्यावर त्यांनी ते शांतपणे वाचले आणि म्हणाले, “नळाला चारशे अंश असतात वहिनी, तुमच्या पत्र्याला साठ. मग ठीक आहे.” अधिक तापमानाला रॉकवूलचे श्रेष्ठत्व उघड होते. साठ अंशांना त्याची गरज नसते. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांनाही इतके दिवस नेमकी बोलता आली नव्हती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम झाले. ज्यांना काम दिले त्यांनी दोन मुले पाठवली, आणि ती चटपटीत होती, पण हा माल त्यांनी पूर्वी गोदामांतच घातलेला होता. पहिला रोल ते फॉइलची बाजू वर, पत्र्याकडे, करून बसवू लागले. चकाकणारी बाजू उन्हाकडे असावी, असा त्यांचा समज होता आणि तो वरवर पटणाराही आहे. परंतु फॉइल प्रारण परतवते ते तिच्यासमोर मोकळी हवा असेल तेव्हाच. पत्र्याला चिकटलेली फॉइल ही केवळ आणखी एक धातूची पातळ चकती होते. ती खाली, खोलीकडे, असली म्हणजे तिच्याकडून खाली होणारे प्रारणही घटते, आणि खोलीतला ओलावा लोकरीत जाण्यापासून ती अडवते. मी रोल उलटे करायला लावले. पाइपांच्या खालून कोंबडी जाळी ताणून स्क्रूने बसवली आणि सांध्यांवर ॲल्युमिनियमची टेप मारली. दुपारी चारला काम संपले, छत चांदीसारखे चकाकू लागले, आणि मी समाधानाने पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी दीरांनी कारखान्यातून बेअरिंगचे तापमान पाहण्याचा लेझर थर्मामीटर आणला. काम होण्याआधी एका दुपारी अडीचला त्याने पत्र्याची खालची बाजू ६३ अंश दाखवली होती आणि कॉटच्या उंचीला हवा ४१ होती. आता छतावर रोखला तर तो ३४ दाखवू लागला, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, पण मला तो आकडा खरा वाटेना. चकचकीत धातू स्वतःचे प्रारण फारच कमी बाहेर टाकतो, त्यामुळे असा थर्मामीटर त्यावर फसतो. समोरच्या फरशीचेच तापमान आरशात पाहावे तसे तो वाचतो. म्हणून फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचे तुकडे चिकटवले आणि त्यांच्यावर मोजले. मधोमध ३९ अंश आले, ते ठीक होते. परंतु पाइपांच्या कडेने काही ठिकाणी ५० आणि एका ठिकाणी ५३ आले. हवा ३९ वर आली होती, म्हणजे दोनच अंशांचा फरक पडला होता. गणिताने दाखवलेल्या फरकाशी तो जुळत नव्हता.

मी टेबलावर स्टूल ठेवून चढले, टेप सोडली आणि जाळीतून बोट घातले. बोट थेट तापलेल्या पत्र्याला लागले. कारण शोधायला वेळ लागला नाही. रोल १.२ मीटरचा, म्हणजे तीन फूट सव्वाअकरा इंचांचा. पाइप चार-चार फुटांवर हवेत असे आम्ही फॅब्रिकेटरला सांगितले होते, पण वेल्डिंग करताना मधले दोन पाइप सरकले होते, आणि प्रत्यक्षात पाइपांमधले दोन गाळे चार फूट तीन इंचांचे आणि तिसरा साडेतीन फुटांचा झाला होता. दोन गाळ्यांत अठरा फूट लांब आणि पावणेचार इंच रुंद अशी एकेक पट्टी उघडी होती, आणि वरून फॉइलच्या टेपने ती नीट झाकलेली होती. दोन्ही पट्ट्यांचे क्षेत्रफळ काढले तर सव्वाअकरा चौरस फूट भरले, म्हणजे एक चौरस मीटरला थोडे अधिक. वहीतले ते अधोरेखित वाक्य माझ्या डोक्यावर अठरा फूट लांबीने पसरलेले होते. तिसऱ्या गाळ्यात तर उलट झाले होते. तिथे जादाची पाच इंच लोकर दुमडून कोंबली होती आणि ती दबून कडक झाली होती. दबलेल्या लोकरीत हवा कमी राहते आणि जाडीही जाते.

काम करणाऱ्यांना मी पुन्हा बोलावले नाही. पुढचा शनिवार आणि रविवार दीर, माझा मुलगा आणि मी असे तिघांनी जाळी उतरवली. तिसऱ्या गाळ्यातली जादा पट्टी धारदार सुरीने, फळी दाबून, सरळ कापली, आणि तीच पट्टी पहिल्या दोन गाळ्यांच्या फटींत अर्धा इंच जास्त रुंदीने घट्ट बसवली. राहिले ते उरलेल्या तुकड्यांतून भरले. पाइप स्वतः लोखंडाचे, पत्र्याला टेकलेले, त्यामुळे तेही उष्णता खाली आणत होते. त्यांच्या खालच्या अंगाला एसीच्या नळांवर लावतात ती काळी नायट्रिल रबराची पट्टी चिकटवली आणि मग पुन्हा जाळी आणि टेप. पूर्ण बाह्यांचे कपडे, चश्मा आणि एन ९५ मास्क असूनही मनगट आणि मान दोन दिवस चुणचुणत होती. खाजवायचे नाही, आधी थंड पाण्याखाली धरायचे, मग साबण लावायचा, आणि ते कपडे घरच्या इतर कपड्यांत मिसळायचे नाहीत, हे दीरांनी आधीच बजावले होते. खोली झाडली नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतली, कारण झाडले की तंतू पुन्हा हवेत उडतात.

त्यानंतरच्या दुपारी, बाहेर जवळजवळ तेवढेच ऊन असताना, काळ्या टेपच्या सगळ्या तुकड्यांवर ३७ ते ३९ आले आणि कॉटपाशी हवा ३६. एकाच मालाने, एकाच जाडीने, केवळ फटी बुजवून तीन अंश मिळाले. मे महिन्यात पत्र्याला वरून पांढरा उष्णता परावर्तित करणारा रंग दिला, त्याने पत्रा स्वतःच ४८ च्या आसपास राहू लागला. हा रंग आधीच दिला असता तर बरे झाले असते, कारण ते सर्वांत स्वस्त आणि एका सकाळीत होणारे काम होते. संध्याकाळचा उकाडा मात्र अजून आहे. पश्चिमेची चार इंची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत उष्णता आत सोडत राहते, त्यावर छतातल्या कोणत्याच लोकरीचा उपाय नाही.

आडभिंतीत रॉकवूल बसवणे त्यामानाने सुखाचे झाले. उभ्या चौकटीत ६०० मिलिमीटरची पाटी पाव इंच दाब देऊन बसवली की ती आपल्या अंगच्या ताठपणाने उभी राहते, खाली सरकत नाही, तिला जाळी लागत नाही. ग्लासवूल त्या जागी वर्षभरात खाली बसले असते आणि वर रिकामी जागा उरली असती. दोन्ही बाजूंनी सिमेंट बोर्ड लावला, त्यामुळे काळे कण आत बंदच राहिले. पलीकडे शेगडी आहे म्हणून मी रॉकवूल निवडले होते. पण माईंना जाणवला तो वेगळाच गुण. मिक्सर आणि कुकरची शिट्टी त्यांच्या उशापर्यंत पोचते ती आता बरीच मऊ होऊन.

तळमजल्याच्या भिंतींना आतून असेच काही करावे, असे यजमानांनी सुचवले तेव्हा मी स्पष्ट नको म्हटले. दोन्ही नमुने मी वजन ठेवून एक रात्र पाण्याच्या घमेल्यात बुडवले होते. रॉकवूल वाळल्यावर जवळजवळ पूर्वीच्या जाडीला आले, ग्लासवूल चपटे राहिले, परंतु भिजलेले असेपर्यंत दोन्ही सारखीच निरुपयोगी होती, कारण हवेच्या जागी पाणी बसले होते. कृष्णेचा गाळ आत गेल्यावर तर ती फेकूनच द्यावी लागली असती.

जूनच्या दुसऱ्या पावसात ओट्याच्या बाजूला फॉइलला पोटासारखा फुगवटा आला. सुईने टोचल्यावर वाटीभर पाणी निघाले. वर चढून पाहिले तर पत्र्याच्या स्क्रूखालचे रबरी वॉशर जास्त आवळल्याने चिरडले गेले होते. त्या ओळीतले सगळे स्क्रू बदलले, भिजलेला दोन फुटांचा तुकडा काढून टाकला आणि उरलेल्या रोलमधला नवा घातला. ही फॉइल नसती तर पाणी थेट गळले असते आणि त्याच दिवशी कळले असते. फॉइलमुळे ते आठवडाभर साचत राहिले, हेही सांगितले पाहिजे. छतात लोकर घालण्याआधी प्रत्येक स्क्रू पाहून घ्यायला हवा होता.

पाऊस सरल्यावर मला दुसरीच धास्ती होती. ऑक्टोबरच्या निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता टाकून हवेपेक्षाही थंड होतो आणि त्याच्या खालच्या अंगाला दव धरते. पूर्वी पहाटे माईंच्या पांघरुणावर त्याचे थेंब पडत. आता ते दव लोकरीत मुरत असेल तर कळायचे कसे, म्हणून दिवाळीच्या आधी एका पहाटे साडेपाचला मी तीन ठिकाणची टेप सोडली आणि पत्र्यापर्यंत बोटे घातली. पत्रा गार होता. दोन ठिकाणी लोकर कोरडी होती. तिसऱ्या ठिकाणी, दाराच्या वर, जिथे टेप चौकटीपाशी सुटली होती, तिथे बोटांना किंचित ओल लागली. खालून माईंनी विचारले, “कोरडं आहे ना?” मी म्हटले, “एवढा दारावरचा भाग सोडून, हो.” मुलाने टेपचा नवा गुंडा वर दिला, आणि उजाडण्याआधी ती फट पुसून, वाळवून, दोन पदरी टेप मारून बंद केली.